मैद्याशिवाय नूडल सूप

प्रश्न : आईला मधुमेह आहे. मुलांसाठी चायनीजच्या गाड्यावरून नूडल सूप आणलं की तिलाही ते खावंसं वाटतं. दुकानात ज्वारीच्या नूडल्स मिळतात, त्या तिला चालतील का? की आपल्याकडच्याच जिनसांतून झटपट होणारं दुसरं काही आहे?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ज्वारीच्या नूडल्समध्ये मैद्यापेक्षा तंतू जास्त, एवढ्यापुरत्या त्या बऱ्या. पण ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी शक्ती’ हा वाण लोह आणि जस्त जास्त देतो, तो भाकरीसाठी जरूर घ्या. कर्बोदकं मात्र त्यातही तेवढीच. पाकीट घेतलंच, तर मागची यादी वाचा, कारण त्यात मैदाही मिसळलेला असू शकतो.

जपानमध्ये कोंजाक नावाच्या कंदापासून शिराताकी नूडल्स करतात. त्यांत जवळजवळ ९७ टक्के पाणीच असतं. हा कंद आपल्या सुरणाच्या जवळच्या नात्यातला; पण सुरणात पिष्ट भरपूर, त्यामुळे त्याच्या तशा नूडल्स होत नाहीत. शिराताकी मागवण्याच्या खटाटोपात मी तुम्हाला घालणार नाही. सूपची चव पाण्यात असते, नूडल्सचं काम फक्त लांब आणि गुळगुळीत असण्याचं. ते काम कोवळा दुधी छान करतो. साल काढा आणि सोलाण्यानेच त्याच्या लांब पट्ट्या ओढा, बिया लागल्या की थांबा. सोबत दोन अंड्यांचं पातळ ऑम्लेट करून गुंडाळी करा आणि बारीक कापा. अंडं चालत नसेल तर कोबी लांब चिरून घ्या.

आता पाणी. चमचाभर तेलात आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कांद्याच्या पातीचा पांढरा भाग परता. चार कप पाणी, कोथिंबिरीचे देठ आणि गवती चहाच्या दोन काड्या ठेचून घाला. आपण गवती चहा फक्त चहात घालतो; थायलंडमध्ये सूपची चव त्याच्यावरच उभी असते. दहा मिनिटं उकळून काड्या काढून टाका. गाड्यावर दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर घालतात, ते इथे नको. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि तीळ मिळून मोठा चमचाभर वाटून लावा. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या नूडल्सनाही तिळाचं वाटण लावतात आणि मराठवाड्याच्या घरात या दोन्ही गोष्टी डब्यात असतातच. शेवटी सोया सॉस, मिरपूड आणि दुधीच्या पट्ट्या. पट्ट्या दोन-तीन मिनिटंच शिजवा, नाहीतर लगदा होतो. गॅस बंद करून लिंबू पिळा, मग ऑम्लेट आणि कांद्याची हिरवी पात.

यात टोफू हवाच, असं मला मनापासून वाटतं. परभणीच्या शिवारात खरिपाला सोयाबीन उभं असतं, विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’सारखे वाण दिले, तरी हे पीक आपल्या स्वयंपाकघरात येतं ते बहुतेक तेल होऊनच. चीन-जपानने त्याचंच टोफू आणि सॉस केलं. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, दीड-दोन लिटर पाण्यात वाटून फडक्यातून गाळा. हे दूध ढवळत पंधरा-वीस मिनिटं नीट उकळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात, म्हणून इथे घाई नको. फेस पटकन वर येतो, तेव्हा पातेलं मोठं घ्या. मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला, फाटलं की पनीरसारखं बांधून वजनाखाली ठेवा. पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं, पाणी रोज बदला. उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मळा.

२०० ग्रॅम दुधी, दोन अंडी, १०० ग्रॅम टोफू आणि ते वाटण धरून सगळी मिळून साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं होतात. झटपट नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या एका पाकिटात ती ४५च्या आसपास असतात.

आईंना रक्तदाब असेल तर सोया सॉस छोटा चमचाभरच घाला आणि वरून मीठ घालू नका, सॉस फार खारट असतो. त्या इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर जेवणातली भाकरी एकदम बंद करून नुसतं सूप देऊ नका. साखर एकाएकी खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर टोफू किती चालेल, हेही त्यांनाच विचारा.