लग्नसराईसाठी हंगामी फुलांची निवड व लागवड

गोंदिया जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील बहुसंख्य शेतकऱ्यांचे वर्षाचे गणित धानाच्या एका पिकावर बसलेले असते. मात्र धानाची कापणी आटोपून तुळशीचे लग्न लागले की गावोगावी लग्नसराई सुरू होते आणि फुलांना मोठी मागणी येते. गोंदियापासून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर दूर आहे. तेवढा प्रवास करून आलेले फूल मंडपात पोचेपर्यंत मलूल होते. तेच फूल गावच्या पाच आर जमिनीत पिकविल्यास ते ताजे मिळते व शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे येतात.

अलीकडे लग्नात छायाचित्रांस फार महत्त्व आले आहे. मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो; छायाचित्र मात्र घरात पिढ्यान्‌पिढ्या राहते. त्यात फुलाची कोमेजलेली कड व पाकळीवरील डाग स्पष्ट उमटतात. यास्तव फूल पिकविणाऱ्याने केवळ वजनाकडे न पाहता रंग, ताजेपणा व तिथी या तिन्ही गोष्टींचा विचार करावा.

रंगांची निवड

वधूच्या लाल शालूवर नारिंगी झेंडूचा हार फारसा उठून दिसत नाही. तेथे निशिगंधाचा किंवा पांढऱ्या शेवंतीचा हार शोभतो. हळदीच्या पिवळ्या वस्त्रांत पिवळा झेंडू मिसळून जातो, म्हणून त्या प्रसंगी नारिंगी किंवा पांढरे फूल बरे. पांढरे फूल भर दुपारच्या उन्हात ठेवल्यास छायाचित्रात पाकळ्यांचे बारकावे नाहीसे होऊन नुसता पांढरा ठिपका दिसतो. सावलीत ते उत्तम येते. उलट गडद तांबडी व जांभळी फुले संध्याकाळच्या मंद प्रकाशात काळपट दिसतात. रात्रीच्या लग्नास पिवळी, पांढरी व फिकट गुलाबी फुले निवडावीत. कोणत्याही रंगामागे आंब्याची हिरवी पाने असली की तो रंग खुलतो. मागणी घेतानाच लग्न दिवसा आहे की रात्री, व वस्त्रांचा रंग कोणता, हे विचारून ठेवावे.

ऋतूप्रमाणे फुले

कार्तिक व मार्गशीर्षातील लग्नांसाठी झेंडू, शेवंती व निशिगंध ही मुख्य फुले होत. निशिगंधाचे कंद एप्रिल–मे महिन्यांत लावावे लागतात. थंडी वाढली की दांडे कमी निघतात, म्हणून हे फूल हंगामाच्या आरंभीच्या तिथींसाठी धरावे. हारासाठी एकेरी व फुलदाणीसाठी दुहेरी जात घ्यावी. शेवंती दिवस लहान होऊ लागल्यावरच कळी धरते. रात्रभर जळणाऱ्या विजेच्या दिव्याजवळ ती लावल्यास फुले उशिरा येतात. अशी जागा टाळावी.

वैशाखातील लग्नांसाठी मोगरा व गॅलार्डिया ही भरवशाची फुले आहेत. मोगऱ्याचे पाणी तोडून नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात छाटणी केल्यास मार्चपासून कळ्या मिळू लागतात. गॅलार्डिया उन्हाचा ताण चांगला सोसते. झेंडूही येतो, परंतु कडक उन्हात त्याचे फूल लहान राहते व लाल कोळीचा उपद्रव वाढतो.

झेंडूची लागवड

झेंडूचे रोप २५ ते ३० दिवसांत लावण्याजोगे होते आणि लावणीनंतर सुमारे ६० ते ६५ दिवसांत फुले सुरू होतात. म्हणजे तिथीपासून तीन महिने मागे मोजून बी पेरावे. शेंडा खुडल्यास फुलांची संख्या वाढते, पण तोडा दहा-पंधरा दिवस लांबतो. तेवढे दिवस हिशेबात धरावेत. पुसा नारंगी गेंदा यासारख्या उशिरा फुलणाऱ्या जातीस पेरणीपासून चार महिन्यांहून अधिक काळ लागतो. नोव्हेंबरअखेरच्या लग्नासाठी ऑगस्टच्या मध्यास बी पेरावे. त्या वेळी पाऊस चालू असल्याने रोपे उंच गादीवाफ्यावर तयार करावीत.

धानाच्या खोलगट बांधीत झेंडू लावू नये. पाणी साचून मुळे कुजतात. निचरा होणारी उंचावरची जमीन निवडून वरंब्यावर ६० × ४५ सेंटिमीटर अंतराने लावणी करावी. पाच आर क्षेत्रास सुमारे १,८५० रोपे लागतात. सर्व रोपे एकाच दिवशी न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावावीत. एकाच तोड्यावर विसंबणाऱ्याची फुले तिथी हुकल्यास मातीमोल होतात. टप्प्यांनी लावणाऱ्यास पुढची तिथी साधता येते.

तोडणी व पोच

आदल्या दिवशी पिकास पाणी द्यावे व पूर्ण उमललेली झेंडूची फुले सकाळी लवकर तोडावीत. मोगऱ्याची कळी मात्र न उमललेलीच घ्यावी. निशिगंधाचे दांडे कापताच बादलीतील पाण्यात ठेवावेत. सुटी फुले बांबूच्या टोपलीत सैल भरून वर ओले फडके झाकावे. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत फुले तापून काळवंडतात. वजन वाढावे म्हणून फुले भिजविणे सर्वथा टाळावे. अशी फुले लवकर सडतात व ग्राहकाचा विश्वास जातो.

पहिल्या वर्षी पाच आरांहून अधिक क्षेत्र घेऊ नये. लागवडीपूर्वीच गावातील व जवळच्या बाजारपेठेतील मंडप-सजावट करणाऱ्यांशी बोलून तिथी, रंग व परिमाण लिहून घ्यावे. जो शेतकरी पंचांग व पीक यांचा मेळ घालील, त्यास धानाच्या जोडीला फुलांचे हे लहानसे पीक खात्रीचा आधार देईल.