श्यामच्या आधी लंपन

चि. मुक्ता,

रविवारच्या वाचनवर्गाची यादी मिळाली. पहिलंच नाव 'श्यामची आई'. पुस्तक राहू दे, क्रम तेवढा बदल. सुरुवात प्रकाश नारायण संतांच्या लंपनपासून कर.

लंपन बेळगावकडचा. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा. म्हणून 1994 च्या पहिल्या संग्रहाचं नाव 'वनवास'. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' आले. नावाला त्या कथा, पण सलग वाचल्या की एका मुलाची कादंबरीच हाती लागते. कऱ्हाडला भूशास्त्र शिकवणाऱ्या संतांनी त्याला सीमाभागातली कानडी वळणाची मराठी दिली. तुझ्या बेंगळुरूच्या वर्गातली मुलं घरी मराठी, खाली खेळताना कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. उठता-बसता 'नीट मराठी बोल' ऐकणाऱ्या पोरांना आपल्यासारखंच बोलणारा नायक पुस्तकात भेटू दे.

मग स्वामी. तो तर तुमच्या बेंगळुरूचाच म्हणायचा! 1930 मध्ये आजीने काढून दिलेल्या शुभदिनी आर. के. नारायण तिथे वही घेऊन बसले आणि मालगुडीचं स्टेशन त्यांना दिसलं. पुढे ग्रॅहम ग्रीनच्या खटपटीने 1935 साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' लंडनला छापून आलं. हा पोरगा हेडमास्तरांची छडी हिसकावून खिडकीबाहेर फेकतो, पळतो, रानात वाट चुकतो आणि ज्या क्रिकेट सामन्यासाठी एवढं रामायण घडलं, तोच त्याचा हुकतो. जिवलग राजम रुसतो तो रुसतोच. गाव सोडून निघालेल्या राजमच्या हाती स्वामी कसंबसं एक पुस्तक पोचवतो, पण राजमने त्याला माफ केलं की नाही, हे नारायण सांगत नाहीत.

'श्यामची आई' छापलं गेलं तेही 1935 मध्येच. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं होतं. त्यातला श्याम संस्कारांचा पुतळा म्हणून पुढे केला, की मुलं जांभया देतात. प्रत्यक्षात तो पोहायला घाबरून लपून बसणारा मुलगा आहे. आई त्याला शोधून काढते, फटके देते आणि विहिरीवर धाडते. पुस्तकातली ती 'रात्र', म्हणजे ते प्रकरण, आधी वाच. मारणं बरोबर होतं का, यावर मुलांना भांडू दे. आईची बाजू घ्यायची घाई तू करू नकोस.

प्रत्येक पुस्तकानंतर तात्पर्य विचारायची आपली जुनी खोड आवर. 'राजमच्या जागी तू असतास तर?' एवढं विचारलंस तरी तास पुरणार नाही. 'स्वामी' मूळ इंग्रजीतूनच वाचू देत, गप्पा मात्र मराठीत होऊ देत.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' यादीत खाली ढकल. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद आणि त्याचं शिरोडकरवरचं प्रेम सहावीच्या पोरांना आत्ताच नको. मोठ्या मुलांचा गट वेगळा बसव आणि ती त्यांना दे.

तुझी,
आत्या