परवानगी न घेता घरात येणारा पाहुणा



कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाजूस असलेल्या एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात दर्सच्या निमित्ताने जाणे झाले. दर्स संपल्यावर पडद्यामागून एका भगिनीने प्रश्न विचारला, "भाई, घरात टीव्ही ठेवणे हराम आहे की हलाल, तेवढे एका शब्दात सांगा. माझ्याने निभावत नाही." त्यांचे यजमान कुवेतला नोकरीस आहेत. घरी सासू, त्या स्वतः आणि तीन मुले. सासूबाई इशानंतर मालिका पाहतात, अकरा वर्षांचा थोरला मुलगा मोबाइल घेऊन पांघरुणात शिरतो आणि सकाळी फजरला कोणीच उठत नाही.

एका शब्दात उत्तर देणे सोपे होते. परंतु त्या शब्दाने त्या घरातील एकही अडचण सुटली नसती. म्हणून हा विषय आज आपणासमोर सविस्तर मांडत आहे.

कोकणातील मुस्लिम घरांत पडदा कसा आला, हे आपल्यातील वयस्कर मंडळींना चांगले आठवत असेल. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. महाड, पोलादपूर, खेडच्या डोंगरांआड त्याचे चित्र पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. परंतु आपले लोक बोटीवर आणि आखाती देशांत होते. सुटीवर येताना त्यांनी टेपरेकॉर्डर आणले, मग रंगीत संच, मग व्हीसीआर. ज्याच्या घरी व्हीसीआर, त्याच्या ओटीवर अर्धा मोहल्ला रात्रभर बसे. त्यानंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि 2016 नंतर स्वस्त इंटरनेटने प्रत्येकाच्या खिशात एक स्वतंत्र चित्रपटगृह ठेवले. पूर्वी मोहल्ला एकत्र बसून पाहत असे, आज एका घरातील पाच माणसे पाच कोपऱ्यांत बसून पाच वेगळ्या गोष्टी पाहतात. माझ्या मते खरा बदल हा आहे. व्हीसीआरच्या काळी निदान वडीलधाऱ्यांची लाज तरी मधे होती.

उलेमांची मते या विषयात एक नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक मोठा गट चित्र, संगीत आणि परस्त्रीदर्शन या तिन्ही कारणांनी टीव्ही घरात ठेवणेच नाजायज मानतो. दुसरा गट त्याला साधन समजतो आणि जे दाखवले जाते त्यावर हुकूम लावतो. हजरत हमजा (रजि.) यांच्या भूमिकेसह इस्लामच्या आरंभकाळावर मुस्तफा अक्काद यांनी 1976 साली जो चित्रपट काढला, त्यात प्रेषितांची (सल्ल.) प्रतिमा अथवा आवाज कोठेही नाही. तरीही त्यावरून वाद झाला. 2012 च्या रमजानमध्ये हजरत उमर (रजि.) यांच्यावरील अरबी मालिका प्रक्षेपित झाली. तिला अल-अजहरने विरोध केला, तर तिची संहिता तपासणाऱ्या उलेमांत शेख युसूफ अल-करजावी यांचे नाव होते. एवढे मोठे विद्वान जेथे सहमत नाहीत, तेथे मी निवाडा देणारा कोण? आपण ज्या आलिमावर विश्वास ठेवता, त्यांचे मत घ्यावे. पण ज्या गोष्टींत दोन्ही गटांचे एकमत आहे, तेवढ्या जरी आपण घरात पाळल्या तरी वादाचा बराच भाग उरत नाही. उघडीनागडी दृश्ये, अश्लील संवाद, नमाज चुकवणारी चटक, मुलांना खोटे व हिंसा शिकवणारी कथा यांना जायज म्हणणारा आलिम मला कोठे भेटलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नूरमध्ये (24:27) श्रद्धावंतांना दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलाम यांवाचून प्रवेश करण्यास मनाई आहे. त्याच सूरहमध्ये पुढे (24:58) घरातील लहान मुलांनीसुद्धा दिवसाच्या तीन वेळी, म्हणजे फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर, आईवडिलांच्या खोलीत विचारून जावे असे सांगितले आहे. विचार करा. पोटच्या मुलालाही ज्या वेळी दार वाजवावे लागते, नेमक्या त्याच वेळी, इशानंतर, आपण पडद्यातून ओळखदेख नसलेल्या माणसांना शयनगृहापर्यंत आणतो. दारात उभा राहून एखादा तरुण आपल्या मुलीसमोर तसले संवाद बोलला असता तर आपण त्याला काठीने हुसकला असता. तोच पडद्यात बोलतो तेव्हा आपण चहाचा घोट घेतो.

ही परवानगी नजरेसाठी आहे, हेही हदीसमधून कळते. एक मनुष्य प्रेषितांच्या (सल्ल.) हुजऱ्यात फटीतून डोकावत होता. प्रेषितांच्या (सल्ल.) हातात त्या वेळी केस विंचरण्याची फणी होती. त्यांनी त्याला अत्यंत कडक शब्दांत समज दिली आणि विचारून आत येण्याचा नियम या नजरेपायीच असल्याचे स्पष्ट केले (बुखारी, मुस्लिम). आपण पडद्यासमोर बसतो तेव्हा दोन्ही बाजूंनी हा नियम मोडू शकतो. परके आपल्या घरात येतात आणि आपणही परक्यांच्या शयनगृहात डोकावतो. सासू-सुनांच्या मालिकांत तर दाराआडून ऐकणे, पाळत ठेवणे, दुसऱ्याबद्दल वाईट शंका घेणे आणि पाठीमागे निंदा करणे यांखेरीज कथानकच नसते. सूरह अल्-हुजुरातच्या ज्या एका आयतीत (49:12) या गोष्टींना मनाई आहे, त्या जणू यादीप्रमाणे रोज रात्री समोर येतात. पाहणाऱ्या दादी म्हणतात, आम्ही फक्त पाहतो. पण दुसऱ्या दिवशी सुनेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी थोडी बदललेली असते, हे सुनेला विचारा.

येथे कोणी म्हणेल, मग इस्लामला करमणूकच नको आहे काय? तसे नाही. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते. प्रेषितांनी (सल्ल.) हजरत आयशा (रजि.) यांना आपल्या आडोशाने ते दाखवले आणि त्या स्वतः कंटाळेपर्यंत ते उभे राहिले. हजरत आयशा (रजि.) यांनी एकदा अकरा स्त्रियांची आणि त्यांच्या पतींची लांबलचक कथा सांगितली. उम्मे जरअची हदीस म्हणून ती प्रसिद्ध आहे. प्रेषितांनी (सल्ल.) ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. ज्यांच्या खांद्यावर संपूर्ण उम्मतची जबाबदारी होती, त्यांना पत्नीची कथा ऐकायला वेळ होता. आमच्याकडे पत्नी बोलत असते आणि आमची नजर क्रिकेटवर असते. (हे लिहिणाराही यातून मुक्त नाही.)

कथा कशी सांगावी, हेही कुरआनने दाखवून दिले आहे. सूरह यूसुफमध्ये मोहाचा प्रसंग आहे, बंद केलेली दारे आहेत, फाटलेला सदरा आहे, शहरातील स्त्रियांची कुजबुज आहे. आजच्या निर्मात्याच्या हाती हा प्रसंग पडला असता तर त्याने त्यावर दहा भाग काढले असते. कुरआन मात्र तो मोजक्या आयतींत सांगून हजरत यूसुफ (अलै.) यांच्या नकाराकडे जातो. पाप झाकलेले राहते आणि संयम स्पष्ट दिसतो. पडद्यावरील कोणत्याही कथेला आपण हे माप लावू शकता. कथेत वाईट माणूस आहे की नाही, हा प्रश्न नाही. कथा संपल्यावर आपले मन त्या वाईटाच्या बाजूने झुकले की त्याच्या विरुद्ध, हे पाहावे.

आणि "इस्लामी" अशी चिठ्ठी लावलेल्या मालिकांनाही हेच माप लावावे. 2020 च्या टाळेबंदीतील रमजानमध्ये अर्तुगरुलची तुर्की मालिका उर्दूत आली आणि आपल्या अनेक घरांत ती मोबाइलवर पाहिली गेली. तिच्यात लज्जा होती, अल्लाहचे नाव होते, मुलांना आपल्या इतिहासाविषयी उत्सुकता वाटली. हे मान्य आहे. परंतु मशिदी बंद असताना घरात तरावीह पढण्याची संधी होती. ती बाजूला ठेवून एकापाठोपाठ एक भाग पाहणाऱ्यांनी चांगल्या गोष्टीनेच आपले नुकसान करून घेतले. शिवाय ती रंजनासाठी रचलेली कथा आहे, इतिहासाचे पुस्तक नव्हे, हे मुलांना कितीजणांनी सांगितले?

वेळेचा प्रश्न आमच्या भागात सर्वांत मोठा आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी इमाम शाफई (रह.) यांच्या मसलकचे. इशाआधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (सल्ल.) आवडत नसे, ही हदीस आपल्या फिकहच्या ग्रंथांत मकरूह या सदरात येते. ज्ञानचर्चा, पाहुण्यांची सरबराई, घरच्यांशी आपुलकीचे बोलणे यांना त्यात सवलत आहे. रात्री बारापर्यंत चालणारी वेबमालिका यांपैकी कोणत्या सवलतीत बसते, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुंबईहून रात्रीच्या खासगी बसने घाटाकडे येताना पुढच्या पडद्यावर चित्रपट लावला जातो. तेथे आपला इलाज नसतो. अवचित पडलेली पहिली नजर माफ आहे, दुसरी नाही, अशी शिकवण हजरत अली (रजि.) यांना देण्यात आली होती. प्रवासी मान वळवू शकतो. पण स्वतःच्या घरात रिमोट आपल्या हाती आहे, मोबाइलचे बिल आपण भरतो, इंटरनेट आपण विकत घेतो. तेथे नजर अवचित पडत नाही. म्हणूनच कुटुंबाविषयी प्रत्येक रखवालदाराला विचारले जाईल, या हदीसचा भार बसमधील प्रवाशावर पडत नाही, घरमालकावर पडतो.

आणि घरमालक कुवेतला असेल तर?

त्या भगिनीशी पुन्हा बोलताना एक गोष्ट समोर आली, जी मला आधी सुचली नव्हती. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. वडील काम, जेवण आटोपून रात्री नऊला फोन करीत, तेव्हा येथे साडेअकरा वाजलेले असत. अब्बांचा फोन यायचा म्हणून मोबाइल मुलाच्या उशाशी राही. वाट पाहता पाहता तो काहीबाही पाहू लागला आणि पुढे अब्बांचा फोन हे निमित्त झाले. ज्या पडद्याने बाप मुलाला भेटत होता, त्याच पडद्याने मुलगा बिघडत होता. तो मोबाइल हिसकावून घ्या असे त्या आईला सांगणे म्हणजे मुलाचा बाप हिसकावून घेण्यासारखे झाले असते. 22 जुलै 2021 रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी महाड बुडाले, तेव्हा परदेशी असलेल्या आपल्या माणसांनी आपले गाव पाण्यात गेलेले पाहिले ते पडद्यावरच. पडद्याची गरज आम्हांला आहे, हे नाकारून चालणार नाही.

पती-पत्नीने फोनवर मशवरा करून ठरवले ते असे. वडील आता दुपारी दोनच्या सुटीत फोन करतात. येथे तेव्हा साडेचार वाजलेले असतात, मुले शाळेतून परतलेली असतात. बोलताना ते मुलाला अभ्यासाबरोबर आज काय पाहिले हेही विचारतात आणि रागावता ऐकून घेत नाहीत, तर शांतपणे ऐकतात. ही अट आईने घातली होती. इशानंतर दोन्ही मोबाइल स्वयंपाकघरात फळीवर ठेवले जातात, आईचासुद्धा. पहिले आठ दिवस मुलाने थयथयाट केला. त्यानंतर तो आणि धाकटी बहीण दादीकडून अस्हाबे कहफची गोष्ट ऐकू लागले. ती दादींना अर्धीच येत होती, म्हणून उरलेली आईने तफसीरमधून वाचून दाखवली.

टीव्ही अजून घरात आहे. दादींनी मालिका सोडलेली नाही. त्यांनी ती दुपारच्या पुनःप्रक्षेपणावर आणली आहे, आणि सून समोर आली की आवाज थोडा कमी करतात.