जुनी आज्ञावली, नवा संगणक आणि रफार
१९९६ साली मी बेळगाव परिसरातील बोलीशब्दांचा संग्रह संगणकावर उतरवला. नव्या संगणकावर ती आज्ञावली सुरूच होईना. ती १६-बिट होती आणि ६४-बिट विंडोजवर अशा आज्ञावल्या चालत नाहीत. अखेर नव्या संगणकातच आभासी संगणक तयार करून त्यात जुने विंडोज घातले आणि संग्रह उघडला.

खरी अडचण मजकूर युनिकोडमध्ये आणताना आली. जुन्या फॉन्टांत बहुधा अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी येते, रफार अक्षरानंतर. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते. 'धर्म' या शब्दात ध, मग र्, मग म. हा क्रम न बदलता रूपांतर केले की 'धर्म'चा 'धमर्' होतो, 'मार्ग'चा 'मागर्'. मग शोधूनही शब्द सापडत नाही.

'धमर्' ही चूक आहे, हे आपल्याला कळते. बोलीशब्द मात्र कोशात नसतो आणि तो सांगणारी माणसेही आता नाहीत. म्हणून रफाराचा प्रत्येक शब्द मी हस्तलिखित चिठ्ठ्यांशी ताडून पाहिला. रूपांतर झाले तरी मूळ चिठ्ठ्या टाकू नयेत, एवढेच संग्राहकांना सुचवावेसे वाटते.