मालवाहू गाडीत जादा मीटर बसविताना



कापडाच्या धंद्यातील माणसाने गाडीच्या मीटरवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माल विकणाऱ्याला गाडी लागतेच, आणि आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत ऑटो वायरिंगवर हलाल रोजी कमावणारी पोरे आहेत. दोघांच्याही उपयोगाची ही बाब आहे. मी स्वतः दोनदा नुकसान सोसून ती शिकलो.

पहिले नुकसान ऑगस्ट 2011 मधील. रमजानचे शेवटचे दिवस, ईदचा माल भिवंडीहून नाशिकला चालला होता. जुनी पेट्रोल व्हॅन, पुढच्या सीटखाली इंजिन. कसारा घाटात आवाज बदलला आणि पाच मिनिटांत इंजिन जाम झाले. तेल कुठूनतरी गळून तळाला गेले होते. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा असतो, पण त्याचा बल्बच केव्हाचा उडालेला होता. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वी तो दिवा लागलाच पाहिजे, हे ना ड्रायव्हरने पाहिले ना मी. माल दुसऱ्या टेम्पोत चढवून पोहोचेपर्यंत दोन दिवस गेले. ईदच्या बाजारात दोन दिवस म्हणजे काय, हे कापडवाल्याला सांगायला नको.

दिवा चांगला असता तरी तो किती आधी सांगतो? तेलाचा दाब साधारण अर्धा किलोच्या खाली, म्हणजे सात-आठ पौंडांच्या खाली आला की बहुतेक गाड्यांचा दिवा लागतो. घाटात भरल्या गाडीने चढताना दाब तिथवर उतरला असेल, तर बेअरिंगची खराबी सुरू झालेली असते. पॉवरलूममध्ये बाण्याचा धागा तुटला की वेफ्ट फोर्क निदान माग थांबवतो. गाडीचा दिवा तेवढेही करत नाही. मीटरचा काटा मात्र रोज थोडा थोडा खाली येताना दिसतो, आणि तीच त्याची किंमत आहे.

कोणते मीटर घ्यावे

मालाच्या गाडीला तीन पुरेत : ऑइल प्रेशर, टेम्परेचर आणि व्होल्ट. बाकीचे शौकाचे.

ऑइल प्रेशरचे मीटर दोन जातींचे मिळते. एकात इंजिनातले तेलच बारीक नळीने मीटरपर्यंत आणतात. आत वाकवलेली चपटी पितळी नळी असते, दाब वाढला की ती उलगडते आणि काटा ओढते. उरुसात मुले फुंकतात ती कागदाची गुंडाळलेली पिपाणी आठवा, तत्त्व तेच. युजीन बूर्दों नावाच्या फ्रेंच कारागिराने 1849 मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि आजही बॉयलरपासून गॅसच्या रेग्युलेटरपर्यंत तीच नळी काम करते. दुसऱ्या जातीत इंजिनावर सेंडर बसतो आणि आत केबिनमध्ये फक्त वायर येते.

2012 मध्ये मी मीटर बसवायचे ठरवले तेव्हा आमचा वायरमन म्हणाला, "सेठ, सेंडरवालं घ्या. नळीवाल्याचं तेल केबिनमध्ये येतं, आणि तुमच्या गाडीत कापड असतं." पोरगा पंचविशीचा, पण उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला. मी ऐकले नाही. नळीचे मीटर तीनशे रुपयांनी स्वस्त होते, आणि दुकानदाराने ते जास्त खरे दाखवते म्हणून सांगितले होते. ते खोटेही नाही, नळीचे मीटर साधे आणि भरवशाचे असते. पण मी गाडी पाहिली नाही, फक्त मीटर पाहिले.

नळी पत्र्याच्या भोकातून आत आणली. त्या भोकाला रबरी ग्रोमेट हवे होते. त्याच्याजवळ त्या मापाचे नव्हते, "उद्या लावतो" म्हणाला. तो उद्या काही आला नाही, आणि मीही पाठपुरावा केला नाही. तीन आठवडे पत्र्याची धार प्लास्टिकच्या नळीला घासत राहिली. मग एके दिवशी चालत्या गाडीत नळी फुटली. तीन किलोच्या दाबाने गरम तेलाची चिळकांडी उडाली आणि मागच्या पांढऱ्या लठ्ठ्याचे चौदा ताके काळे झाले. ड्रायव्हरचा पाय भाजता भाजता वाचला. गंमत अशी की काटा शून्यावर पडलेला पाहून त्याने इंजिन तत्काळ बंद केले, म्हणून इंजिन बचावले. मीटरनेच इंजिन वाचवले आणि मीटरनेच कापड घालवले.

बसविण्याची रीत

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. घाईत हे टाळतात आणि डॅशबोर्डामागे पाना टेकून ठिणगी पडते.

इंजिनावर तेलाच्या दिव्याचा स्विच असतो, त्याच जागी सेंडर लावायचा. पण दिवा काढून टाकू नये. पितळी टी-जोड घालून स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवावेत. रात्री ड्रायव्हर काट्याकडे पाहीलच असे नाही, दिवा डोळ्यांत भरतो. आता अडचण ही की टी-जोड आणि सेंडर मिळून वजन होते, आणि इंजिन दिवसभर थरथरते. थेट ब्लॉकवर लटकवले तर आट्यांपाशी जोड तुटू शकतो, आणि मग सगळे तेल रस्त्यावर. त्याकरिता तेलाला चालणारा छोटा लवचीक होज घेऊन टी-जोड चेसिसला पट्टीने घट्ट बांधावा. खर्च वाढतो, पण इथे काटकसर नको.

आटे नीट ओळखावेत. जपानी घडणीच्या बऱ्याच इंजिनांत एक अष्टमांश बीएसपी असतात, इंचाला 28 आटे. अमेरिकी एनपीटीला 27 असतात. दोन फेरे दोन्ही जातात, म्हणून हाताला वाटते बसले. पुढे पाना लावला की ब्लॉकचे आटे कापले जातात. पिक ग्लासखाली धागे मोजणाऱ्या माणसाला 27 आणि 28 मधला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते, टेपने ते तुटले की काटा नाचतो किंवा हलतच नाही. पोरे मग मीटर खराब म्हणून परत करायला धावतात.

मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे असावेत. युरोपी पद्धतीचा सेंडर शून्य दाबाला 10 ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे 180 ओहम देतो. अमेरिकी पद्धतीचा उलट, शून्याला 240 आणि पूर्ण दाबाला 33. एकाचे मीटर दुसऱ्याच्या सेंडरला जोडले तर तेल संपल्यावर काटा भरपूर दाब दाखवील! बाजारात सुटे सेंडर ढिगाने मिळतात आणि वरून सगळे सारखेच दिसतात. ज्याच्याकडे साधे मल्टिमीटर आहे त्याने बसवण्यापूर्वीच ओहम मोजून घ्यावेत.

टेम्परेचरचा सेंडर शक्यतो इंजिनाच्या हेडवर, पाण्याच्या वाटेत बसवावा. तिथे जागा नसेल तर वरच्या होजमध्ये जोड घालतात. तो जोड दोन्ही बाजूंनी रबरात असतो, म्हणून त्याला वेगळी अर्थिंगची वायर द्यावीच लागते. आणखी एक गोष्ट ड्रायव्हरला आवर्जून सांगावी. होज फुटून पाणीच निघून गेले तर सेंडर हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन भाजत असते आणि मीटर थंड सांगते. चालता चालता काटा एकाएकी पडला तर खूश न होता गाडी बाजूला घ्यावी.

व्होल्ट मीटर सर्वांत सोपे. एक वायर इग्निशनच्या लाइनला, एक अर्थिंगला. थांबलेल्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते, चालू गाडीत 13.8 ते 14.4. चालू असताना 12 च्या आसपास रेंगाळले तर चार्जिंग होत नाही, 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला. जुने लोक अँपिअर मीटर मागतात. डायनमोच्या काळात ते ठीक होते. त्यात चार्जिंगचा सगळा प्रवाह केबिनमधून फिरवावा लागतो. तीस अँपिअरच्या मीटरमधून आजच्या अल्टरनेटरचा साठ-सत्तर अँपिअर प्रवाह गेला तर वायर तापते, आणि कापडाच्या गाडीत वायर तापणे म्हणजे आगीला दावत. ते बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मीटरच्या पुरवठ्याला तीन अँपिअरपर्यंतचा वेगळा फ्यूज असावा. आतल्या बल्बची वायर साइड लाइटच्या लाइनला. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला ग्रोमेट, आणि वायर सायलेन्सरच्या पाइपापासून दूर. मीटर बहुधा 52 मिलिमीटरचे असते, त्याचे भोक मूळ डॅशबोर्डात पाडण्यापेक्षा खाली वेगळी पट्टी लावावी. गोल मीटर पट्ट्याने आवळण्यापूर्वी असे फिरवावे की नेहमीच्या दाबाला काटा सरळ वर राहील. मग आकडा वाचावा लागत नाही, काटा कलला की नजरेला कळते.

नव्या गाड्यांत खांबांमध्ये आणि डॅशबोर्डात एअरबॅग असतात, त्या जागी स्क्रू मारू नये, की मीटरही लावू नये. अशा गाड्यांत निदानासाठीच्या सॉकेटमधून तापमान आणि व्होल्ट वाचता येतात. वॉरंटीतील गाडीची वायर कापण्याआधी कंपनीच्या शर्ती वाचाव्यात.

तपासणी

मापाशी बेईमानी करणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीन आहे, ती आपण तराजूपुरती वाचतो. मीटर हेही मापच आहे. बाराव्या शतकात मर्व शहरात अल-खाझिनीने तराजूवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात धातूतील भेसळ ओळखण्याची रीतही दिली. आपण चहाचे पातेले तरी वापरावे. टेम्परेचरचा सेंडर वायरीने मीटरला जोडून, त्याच्या अंगाला अर्थिंग देऊन, त्याचे टोक उकळत्या पाण्यात बुडवावे. मुंबईत काटा शंभराला यावा, नाशिकच्या उंचीवर सुमारे 98 ला. पाच-सात अंश चुकत असेल तर परत करावे.

पहिला आठवडा घाबरू नये. थंड इंजिनाला दाब जास्त दिसतो, गरम झाल्यावर उभ्या गाडीत एका किलोपर्यंत उतरतो आणि वेगात पुन्हा चढतो. गाडीच्या पुस्तकातील आकडा आधी पाहावा, मग आपल्या गाडीची सवय वहीत टिपावी : सकाळी किती, घाटात किती, पोहोचल्यावर उभी असताना किती.

चौदा ताक्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी तो वायरमन दुकानात आला आणि म्हणाला, "सेठ, महिन्याला थोडे थोडे कापून घ्या." ग्रोमेटची चूक त्याची होती. पण त्याचा सल्ला तीनशे रुपयांसाठी मी मोडला होता, आणि मग हिशेब कसा करणार? ताक्यांचे नुकसान मी सोसले. त्याने सेंडरचे मीटर मजुरी न घेता बसवून दिले, सामानाचे पैसे मी दिले. मजुरीचा ठराव आम्ही आधी केलाच नव्हता, काय बसवायचे आणि बिघडले तर कोणाचे, हेही नाही. आता त्याच्याकडे छापील चिठ्ठी आहे. मीटरची जात, फ्यूज, ग्रोमेट, दोघांच्या सह्या, आणि गिऱ्हाइकाने सल्ला नाकारला असेल तर तेही त्यावर लिहिलेले असते. चिठ्ठीची पहिली प्रत माझ्याच गाडीची आहे.