इसार दिल्यानंतरचा विलंब

इसार दिला की घर आपले झाले, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. ती नोंदलेल्या खरेदीखतानेच येते. आमच्या एका सौद्यात विकणाराच्या विवाहित भगिनीची सही राहिली व खरेदीखत लांबले. ‘आज-उद्या’ ऐकत आम्ही स्वस्थ बसलो, ही चूक आमचीच. करारपूर्तीचा दावा १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे ठरल्या तारखेपासून ३ वर्षांत लावावा लागतो. शिवाय आपण पैसे देण्यास सदैव तयार होतो, हेही शाबीत करावे लागते. म्हणून मुदतवाढ तोंडी घेऊ नये. नवी तारीख घालून उभयतांच्या सह्यांनी लिहून घ्यावी. आम्ही ती लिहून घेतली, तेव्हा त्या ३ वर्षांपैकी १९ दिवस उरले होते.