शालेय पुष्पमंडळ आणि जास्वंदीचे झुडूप

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारी महिन्यात पुष्पप्रदर्शन भरते. ते भरविणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था 1830 सालची आहे. गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेथे एवढा खटाटोप नको. वर्गातील पंधरा-वीस मुलांचे पुष्पमंडळ पुरे. मात्र त्याने प्रथम एकच झुडूप निवडावे. दहा जातींची रोपे आणून ती मे महिन्यात वाळू देणे हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांस असेलच.

झुडूप म्हटले की कण्हेर आधी सुचते. शेळ्या तिला तोंड लावीत नाहीत आणि पाणीही थोडे पुरते. परंतु शेळी जिला टाळते ती मुलांच्या हाती देणे योग्य नव्हे. तिचे पान, फूल, मूळ, चीक, सर्वच विषारी असून त्या विषाने हृदयाचे ठोके बिघडतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुले खेळावयास घेतात. त्याही तशाच घातक होत. आवारात हे झुडूप असल्यास बिट्ट्या गोळा करू देऊ नयेत. बी पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

म्हणून जास्वंद निवडावी. तिला बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण लागेल आणि पाणीही अधिक लागेल. पण जेवणापूर्वी मुले हात धुतात ते पाणी चर काढून तिच्या आळ्यात सोडता येते. आपल्याकडे जास्वंदीस फळ क्वचितच धरते, म्हणून रोप छाटकलमानेच करावयाचे. पाऊस लागताच पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, पक्व फांदी डोळ्याच्या खाली कापून घ्यावी. खालची पाने काढावीत व निदान दोन डोळे मातीत जातील अशी ती लावावी. बियांवाचून रोप कसे झाले, हा प्रश्न मुलांनाच पडू द्यावा.

फूल एक दिवसाचे असते. तेव्हा पाठ पहिल्या तासालाच घ्यावा. प्रत्येक जोडीने एक फूल उभे चिरावे. निदलपुंजाखालील हिरवी झालर, पाच पाकळ्या, पुंकेसरांची मिळून झालेली नळी आणि तिच्या टोकाशी डोकावणाऱ्या पाच कुक्षी मुलांनी स्वतः शोधाव्यात. मग ज्याच्या शेतात कापूस, भेंडी वा अंबाडी असेल त्याने ते फूल आणावे. तीच नळी तेथेही दिसते! देवाला वाहावयाचे फूल आणि घरचे पीक एकाच कुळातील आहे, हे पुस्तकातून सांगून जे पटत नाही ते येथे डोळ्यांनी दिसते.

लाल पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळून तो वाळवावा. लिंबाच्या रसाने रंग गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीने हिरवट. निवळीचा थेंब मात्र शिक्षकांनीच टाकावा.

किती फुले उमलली, कोणत्या दिवशी पाणी घातले, याची वही मंडळाने ठेवावी. उन्हाळी सुटीत ती बंद पडते आणि झुडूपही तेव्हाच जाते. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाण्याच्या पाळ्या एप्रिलातच लावून त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.